अर्ध्या दिवसाची लाह

आमच्या गावाने मारुतीच्या पारावर बसून ठराव केला होता: कापूस वेचणीचा रोज यंदा कोणीही वाढवायचा नाही. एकाने वाढवला की सगळ्यांना वाढवावा लागतो. हात वर करणाऱ्यांत मीही होते. नवऱ्याची कंबर धरलेली, तो खाटेवर, त्यामुळे घरातर्फे मीच गेले होते आणि मोठ्या रुबाबात हात वर करून आले होते.

आठवड्याच्या आत आभाळ भरून आलं. तापीकाठची काळी जमीन, शेत पांढरंधोट फुटलेलं, आणि वर हे असं शाईसारखं. फुटलेल्या बोंडावर पाऊस पडला की कापूस पिवळा पडतो, मग व्यापारी तोंड फिरवतो. वर्षाची सगळी मेहनत तिथे उभी होती आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

वेचणारी टोळी आमच्याच बांधावर राहायची. डोंगरातल्या काठी गावाच्या पलीकडच्या पाड्यावरच्या बाया, दरवर्षी दिवाळीनंतर डोंगर उतरून येणाऱ्या. त्यांची म्होरकी माझ्याच वयाची. ती सगळ्यांना तूच म्हणते, कलेक्टर आला तरी तूच म्हणेल. आमची थट्टामस्करीही चालायची. त्या सकाळी मी चहा घेऊन गेले तर ती पातेली गोणपाटात बांधत होती.

"आज निंघतस आम्ही," ती म्हणाली. "मुकादमना फोन उना. विसरवाडीले ट्रक उभा शे."

ट्रक गुजरातेत ऊसतोडीला जाणार होता. तिथला रोज आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. हे मला ठाऊक होतं, साऱ्या गावाला ठाऊक होतं, म्हणून तर तो शहाणा ठराव.

"एक दिन थांब ना. आभाळ देखी ऱ्हायनी ना तू?"

"आभाळ तुन्हं शे, पोट आमनं शे."

माझं डोकं तापलं. इतकी वर्षं बांधावर राहता, आमचं पाणी पिता, असं बरंच तोंडावर आलं होतं. गिळलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं मनात म्हटलं आणि स्वतःचीच चीड आली, कारण समोर गाढव नव्हतं, बाई होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं. मग मला वाटलं, आपण फार हुशार. मी तिच्याच गावची रीत पुढे केली.

डोंगरात लाह असते. कुणाचं काम अडलं की तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना लाह बोलावतो. रोज नाही, पैसा नाही. ज्याचं काम त्याने जेवण द्यायचं आणि पुढे त्यांच्या कामाला आपण जायचं. "लाह समज आनि थांब," मी म्हटलं.

ती बांधता बांधता थांबली. "लाह? मन्ही जवारी कापाले तू कधी उनी?"

तिने पुन्हा गाठ आवळायला घेतली.

"आनि तुन्हा पोऱ्या सुरतले गया ना? त्याले गावना ठराव कोन्ही दखाडा?"

तोंडात मारल्यासारखं झालं. माझा मुलगा सुरतेला यंत्रमागावर होता. शेतात काय मिळतं, असं म्हणून गेला होता आणि आम्ही त्याला कौतुकाने एसटीत बसवून दिलं होतं. रागारागात मी तिथेच त्याला फोन लावला, स्पीकरवर. दोन दिवस ये, कापूस भिजतोय.

"आई, सुट्टी मांगी ते उद्या मन्हा मागवर दुसरा उभा ऱ्हाई. गेटना बाहेर ओडिशानी पोरं उभीच शेतस." मागे यंत्रांचा खडखडाट चालू होता. त्याने घाईने फोन ठेवला.

बाईने सगळं ऐकलं. ती आपल्या बायांशी त्यांच्या बोलीत काही बोलली. एक हसली, एकीने मान हलवली, एक चक्क भांडली. मी आभाळाकडे बघत उभी.

"दुपारलगून येचतस," ती शेवटी म्हणाली. "रोज नको. लाह शे. एक ओळ तू धर. आनि मन्ही जवारीले तुले येनं पडी."

मी म्हटलं, पैसे घे, गुजरातेतला रोज देते, ठराव गेला खड्ड्यात. ती नाहीच म्हणाली. पैसे दिले असते तर मी मोकळी झाले असते, हे तिलाही कळत होतं.

आमच्या घरच्या बाया वेचायला वाकत नाहीत. मी वाकले. कमरेला झोळी बांधली आणि तिच्या शेजारची ओळ धरली. बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटं सोलून निघाली. ती दोन्ही हातांनी वेचत केव्हाच पुढे निघून गेली. ठरावाचे पुढारी मोटारसायकलवरून बघायला आले. "वहिनी, रोज वाढवला का काय?" मी म्हटलं, नाही वाढवला. ते बराच वेळ माझ्या झोळीकडे बघत राहिले. तिकडे घरी नवऱ्याने कमरेला पट्टा आवळून सगळ्यांची खिचडी टाकली.

जेवणं झाली आणि ती उठली. अर्धं शेत झालं होतं, अर्धं उभं. टोळी रिक्षात बसून विसरवाडीकडे गेली. संध्याकाळी पाऊस आला आणि उरलेल्या अर्ध्या शेताची माती करून गेला. ओसरीत बसून मी रडले, मोठ्याने रडले.

पुढच्या वर्षी दिवाळीआधी तिचा फोन आला. "जवारी पिकनी. ये."

मी विळा शोधून धार लावून आणला. निघताना मुलाला कळवलं. तो भडकलाच. "आपली घरनी बाई मजुरीले जाई का?"

"मजुरी नही रे," मी म्हटलं. "मजुरी तर तू करस."