मधली जागा

तांड्याच्या खालच्या वळणावर पिकअप आली की हंसाबाईचा हात आपसूक दाराकडे जायचा. गाडी पुरती थांबायच्या आत तिचा एक पाय जमिनीला टेकलेला असायचा. रस्त्याच्या कडेचा, दोन्ही हातांत मावेल असा एक दगड उचलायचा, पदर खोचायचा आणि गाडीमागून चालू लागायचं. देवीलाल पहिला गिअर टाकायचा. मागे गुरांसाठीच्या सरकीच्या ढेपेची पोती, नाहीतर खताच्या बॅगा, कधी कुणाच्या घरकुलाचं सिमेंट. अर्ध्या चढावर इंजिनाचा दम संपायचा, गाडी जागच्या जागी थरथरायची, आणि ती मागे सरकायच्या आत हंसाबाईने मागच्या चाकाखाली दगड सरकवलेला असायचा.

"हं!" ती ओरडायची. गाडी दम खायची आणि पुन्हा उचलायची.

माथ्यावर पोचलं की दगड तिथेच टाकून द्यायचा. वर्षानुवर्षं टाकलेल्या त्या दगडांचा पळसाखाली ढीग झाला होता. एकदा तर त्यातल्या वरच्या दगडाला कुणीतरी शेंदूर फासून ठेवला.

"पाह्य वं, तुह्या दगडाचा देव झाला," देवीलाल म्हणाला.

"मंग पाया पडा. मीनंच वाहून आनला हाये त्याले वर."

तांड्यातल्या बाया तिला चिडवायच्या. देवीलालने क्लीनर ठेवला नाही, बायको ठेवली, म्हणायच्या. महागावचा बाजार असो की यवतमाळची खेप, ही आपली बाजूला बसलेलीच. हंसाबाई हसण्यावारी न्यायची. चढाला दगड लावायला माणूस लागतो, हे कारण कुणालाही पटण्यासारखं होतं. खरं कारण केबिनमध्ये होतं आणि ते त्या दोघांनाच ठाऊक होतं.

त्यांची ममता गेली तेव्हा सहा वर्षांची होती. ताप डोक्यात गेला. महागावच्या डॉक्टरांनी यवतमाळला न्यायला सांगितलं, आणि कुणाची वाट न पाहता देवीलालने हीच पिकअप काढली. तेव्हा ती नवी होती. मध्ये ममता, इकडे तो, तिकडे हंसाबाई. यवतमाळच्या अलीकडच्या घाटात पुढे मालट्रकांची रांग लागलेली. देवीलालने बाहेर काढून ओलांडायचा प्रयत्न केला, पण चढाला गाडी ओढेना. पुन्हा रांगेत घुसला, पुन्हा बाहेर काढली, पुन्हा ओढेना. त्या घाटातच ममता हंसाबाईच्या मांडीवर गप्प झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी उशीर झाला असंही म्हटलं नाही, आणि नाही झाला असंही म्हटलं नाही.

घरी आल्यावर याडीने, म्हणजे देवीलालच्या आईने, पोरीचे फ्रॉक, पाटी सगळं बांधून कुठेतरी देऊन टाकलं. "तिचं नाव काढायचं नाही या घरात," ती म्हणाली. म्हातारीचा त्यात दुष्टावा नव्हता. नाव निघालं की ती स्वतःच दोन दोन दिवस जेवायची नाही. थोरला भारत तेव्हा शाळेत होता. पुढे त्याचं लग्न झालं, वर्षा सून म्हणून आली. तिला तर आपल्याला एक नणंद होती हे शेजारणीकडून कळलं. घर माणसांनी भरलेलं होतं, आणि त्या घरात ममता कुठेच नव्हती.

ती होती पिकअपमध्ये. खेप टाकून रिकामे परतताना, आर्णी मागे पडली की देवीलाल सुरू करायचा.

"आता दहावीत असती."

"दहावीत कायची? अकरावीत असती. तुमाले पोरीचं वय बी धड सांगता येत नाही."

"स्कुटी मागतली असती तिनं."

"तुमी देल्ली असती?"

"देल्ली असती. पहिले शिव्या देल्ल्या असत्या, मंग देल्ली असती."

असं ते दोघं तिला वर्षावर्षाने मोठी करत आणायचे. कधी तिचं नाक कुणावर गेलं यावरून भांडायचे. हंसाबाई खिडकीला टेकून बसायची, दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी राहायची, आणि त्या जागेवर कुणी डबा किंवा पिशवीही ठेवायचं नाही. तसं ठरलेलं नव्हतं, पण ठेवायचं नाही. ममताच्या वाढदिवसाला महागावच्या स्टँडवरून जिलेबी घ्यायची, ती गाडीतच खायची आणि घरी कळू नये म्हणून तांड्यावर जाण्याआधी हात धुवून टाकायचे.

मग हंसाबाईचे गुडघे गेले. चढ चढून आल्यावर रात्री त्यांना शेक द्यावा लागायचा. एकदा दगड लावताना ती तिथेच बसली ती उठेना. देवीलालने तिला उचलून केबिनमध्ये ठेवलं आणि त्या दिवसापासून तो ड्रायव्हर लोकांना विचारत सुटला. कुणीतरी सांगितलं, यवतमाळला एक पोरगा आहे, इंजिन ट्यून करून देतो, गाडी हत्तीसारखी ओढते आणि डिझेलही कमी पिते.

त्या पोराचं नाव रजत. आर्णी रोडला टिनाचं शेड, टेबलावर लॅपटॉप. त्याने बोनेट उघडलं, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक काळी डबी इंजिनाच्या वायरीत जोडली आणि तिची वायर आत ओढून स्टिअरिंगखाली एक गोल बटण बसवलं.

"काकू, गाडीले मेंदू असते," हंसाबाई डोकावून पाहते आहे हे बघून तो म्हणाला. "डिझेल किती सोडायचं थे मेंदू ठरवते. ही डबी त्याले जरासं फसवते. बटन इकडं केलं का मायलेज, इकडं केलं का लोड, अन् सरळ ठेवलं का बंद. बंद म्हनजे जशी होती तशी."

"इंजिन खराब तं नाही होनार?" देवीलालने विचारलं.

"तुमी अंगापेक्षा जास्त नाही पिदडली तं काई नाही होत. क्लच जरा लवकर जाईन. पन काका, मी काई बाहेरून ताकद नाही टाकून राह्यलो. ही ताकद गाडीत पहिल्या दिवसापासूनच होती. कंपनी दाबून ठेवते. मी फक्त मोकळी करून देल्ली."

देवीलाल बोनेटमध्ये पाहत राहिला. मग शेडबाहेरच्या माठाकडे गेला, पेला भरला आणि तो तसाच हातात धरून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. हंसाबाईला वाटलं, उन्हाचं झालं असेल.

परत येताना मागे खताच्या बॅगा होत्या, त्याने बटण 'लोड'वर केलं. गाडी खरोखरच ओढत होती. पुढचे ट्रक मागे पडत होते. हंसाबाईला मजा वाटली.

"ममता असती तं खिडकीतून हात काढून वरडली असती," ती म्हणाली.

देवीलालने आणखी एक ट्रक मागे टाकला. आर्णी मागे पडली, महागाव आलं, तरी त्याने नेहमीचं बोलणं सुरू केलं नाही.

खालच्या वळणावर ती सवयीने उतरली. दगड उचलून वर पाहते तर गाडी चढाच्या माथ्यावर. तांड्याच्या तोंडाशी बसलेली माणसं हसू लागली. "हंसाबाई, तुही नोकरी गेली वं!" कुणीतरी ओरडलं. तीही हसली आणि दगड हातात घेऊनच वर गेली.

दुसऱ्या दिवशी देवीलाल म्हणाला, "आता तू नको येऊ. कायले गुडघे दुखवते?"

"गुडघे चढाले दुखते. बसून दुखत नाही."

"घरी आराम कर."

वर्षा कौतुकाने म्हणाली, "आई, बाबाले तुमची किती काळजी हाये!" नवऱ्याने बायकोच्या गुडघ्यांसाठी गाडी ट्यून करून आणली, ही गोष्ट तांडाभर झाली होती. आणि ती खोटीही नव्हती. रोज संध्याकाळी तो तेलाची बाटली स्वतः तिच्यापुढे आणून ठेवायचा.

एकदा तो आंघोळीला गेला असताना ती केबिनपाशी गेली. तिच्या जागेवर बिस्किटांचे खोके रचलेले होते. मधल्या जागेवरही. पार छतापर्यंत.

पावसाळा गेला, कापूस फुटला. संध्याकाळी पिकअप एका दमात चढ चढून यायची. देवीलाल हातपाय धुवायचा, जेवायचा, टीव्हीपुढे बसायचा. आर्णी मागे पडल्यावर जे बोलणं व्हायचं, त्याला आता दुसरी कुठलीच जागा नव्हती.

ममताचा वाढदिवस आला. आदल्या संध्याकाळी हंसाबाई म्हणाली, "उद्या मी येतो महागावले."

"उद्या ढेप भरायची हाये. जागा नाही," तो म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

सकाळी तो आंघोळीला बसला तेव्हा तिने केबिनचं दार उघडलं, स्टिअरिंगखाली हात घातला आणि बटण सरळ करून ठेवलं. बंद. जशी होती तशी.

दिवस कलला तशी ती दगड घेऊन खालच्या वळणावर जाऊन बसली. सगळं तिने मनात बसवलं होतं. गाडी अडेल, आपण दगड लावू, तो म्हणेल, तू नसती तर काय झालं असतं. मग दार उघडेल.

पिकअप आली. डोंगराएवढी ढेप. तिच्यासमोरूनच गेली आणि चढाला लागली. तेव्हा कुठे हंसाबाईच्या लक्षात आलं की डबी बसल्यापासून तो पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त माल भरत होता. अर्ध्या चढावर गाडी थरथरली. मागे सरकली. हंसाबाई धावली. गुडघ्यांचं काय झालं ते तिला कळलं नाही. पुढ्यात भरलेली गाडी, आणि तिच्या मनात एकच, की हे मी केलं.

ती पोचली तेव्हा गाडी थांबलेली होती. मागच्या चाकाखाली बाभळीचा एक तासलेला ठोकळा होता, दोरीने गाडीला बांधून चाकामागून ओढत आणलेला. ठोकळा पायाने ठोकून देवीलाल उभा होता. हंसाबाई दगड हातात धरून तशीच राहिली. लावायला जागाच नव्हती.

"सकाळीच समजलं मले," तो म्हणाला. "महागावच्या पहिले समजलं. तू खाली बसली असशीन हे बी समजलं."

"मंग बटन काहून नाही फिरवलं?"

"बस गाडीत."

खोके नव्हते. मधल्या जागेवर तेलाने डागळलेला जिलेबीचा पुडा होता. हंसाबाई खिडकीला टेकून बसली, पूर्वीसारखी. देवीलालने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. 

"बोला ना," ती म्हणाली. "आज अठरावं लागलं असतं तिले."

"बोलावं म्हनूनच आनली जिलेबी." तो थांबला. "हंसा, थो पोरगा काय म्हनला होता? ताकद पहिल्या दिवसापासूनच गाडीत होती म्हने."

हंसाबाईला माठापाशी उभा राहिलेला, न पिता पेला धरलेला नवरा दिसला.

"ह्याच गाडीत होती," तो म्हणाला. "घाटात बी होती. माह्या पायाखाली होती अन् मी रांगेत उभा होतो."

"तुमाले काय माहीत होतं? कोनालेच माहीत नव्हतं."

"पहिले वाटे, गाडीतच दम नव्हता, तं मी काय करू. थे धरून मी बोलत होतो तुह्यासंगं. आता थे बी नाही राह्यलं." तो तिच्याकडे वळला, पण त्याची नजर मध्येच, पुड्यावर अडली. "तू तिथं बसली का ही जागा दिसते मले. खोके ठेवले का नाही दिसत. गुडघ्याचं खरंच होतं. पन पूरं खरं नव्हतं."

हंसाबाईने हात पुढे केला, पण तो त्याच्यापर्यंत पोचला नाही. मधल्या जागेवरच टेकला. देवीलालने डोळे मिटले. तिने हात काढून घेतला.

"करा बटन," ती म्हणाली. "जड झाली हाये गाडी. वर घ्या."

"अन् तू?"

"मी येतो पाई."

"गुडघे..."

"येतो म्हनलं ना."

ती जिलेबीचा पुडा घेऊन उतरली. त्याने बटण फिरवलं. गाडी पुढे सरकली तसा दोरीचा ठोकळा आपोआप मागून ओढला गेला. पिकअप एका दमात माथ्यावर पोचली आणि तांड्यात वळली. याडी वाट पाहत असेल, वर्षाने चहा टाकला असेल, आणि तो हात धुवून टीव्हीपुढे बसेल.

गाडीत बसताना कडेला ठेवलेला दगड हंसाबाईने पुन्हा उचलला. एका हातात पुडा, दुसऱ्या हाताने दगड पोटाशी धरलेला. दर चार पावलांवर थांबावं लागत होतं. पुढे गाडी नव्हती, चाक नव्हतं, सरकण्यासारखं काहीच नव्हतं.

"स्कुटी घेऊन दे म्हनत असशीन," ती चढाला म्हणाली. "तुह्या बाले इचारतो. पहिले शिव्या देईन थो."

पळसाखालच्या ढिगावर तिने दगड ठेवला, शेजारी बसली आणि पुडा उघडला. जिलेबी सकाळचीच असावी, नरम पडली होती. तिने एक वेढा मोडून खाल्ला. तांड्यात शिरण्याआधी हात धुवायचे होते, आणि पाण्याची बाटली गाडीतच राहिली होती.