मावशींचं निळं आभाळ

मावशींनी रंगीत काचेचा तुकडा उचलून एका डोळ्यासमोर धरला, की समोरच्याची धडगत नसे. "थांब रं, हलू नको. हिरव्यात बघते तुला." मग लगेच निकाल: "हिरव्यात बरा हायस. जांभळ्यात पार आजारी दिसतोस." पोस्टमन, टेंपोवाला, मी, कुणाचीही सुटका नव्हती. एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवाराला त्यांनी लाल, पिवळ्या, नारिंगी अशा सगळ्या काचांतून पाहिलं आणि शेवटी हात टेकले. "बाबा, कुठल्याच रंगात तुझं काय खरं नाय. चहा घे." तो बिचारा हसत हसत चहा पिऊन गेला.

लोधिवलीत माझं सुतारकामाचं दुकान आणि शेजारी त्यांची पत्र्याची शेड. तरुणपणी त्या मुंबईला चर्चच्या रंगीत खिडक्या दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात झाडू मारायला लागल्या आणि बघता बघता काच कापायला शिकल्या. म्हातारपणी गावी परतून फार्महाऊसवाल्यांच्या खिडक्या करायच्या. चौकट माझी, काच त्यांची. काचेवर कटर फिरवताना स्वतः श्वास रोखायच्या आणि मलाही रोखायला लावायच्या. "रंधा थांबव रं! काच काय म्हणते ते ऐकू दे." काच मनासारखी कुरकुरली, की एक टिचकी, आणि तुकडा अलगद हातात! मग शिशाच्या पट्ट्यांत तुकडे बसवून कथील वितळवून सांध्यांना डाख द्यायचा. हे सगळं करताना तोंड चालूच असायचं, ते वेगळं सांगायला नको.

माथेरानच्या एका हॉटेलाने जिन्यासाठी पहाटेच्या आभाळाची मोठी खिडकी करायला सांगितली, तेव्हा बाई हवेतच होत्या. पण वर गाडी जात नाही. घोड्याला त्यांचा सक्त नकार. "त्याला माशी चावली तर माझं आभाळ गेलं!" शेवटी खिडकीला गोधडीत गुंडाळून हातरिक्षात बसवलं, वरून शाल पांघरली. येणारेजाणारे वाकून बघत. कुणी विचारलं, "कोण आजारी आहे का?" मावशी म्हणाल्या, "सून हाय माझी. लाजते!" रिक्षा ओढणारे इतके हसले की दोनदा थांबावं लागलं.

खिडकी बसली. मला ती जरा जास्तच निळी वाटली. पण कलावंताला कोण सांगणार?

पुढच्या वर्षी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर घरी न जाता त्या थेट शेडमध्ये शिरल्या, आणि आतून अशी आरोळी आली की माझ्या हातातली पटाशी पडली. "अरं, माझ्या निळ्या काचा कुणी बदलल्या?"

कुणीच बदलल्या नव्हत्या. मोतीबिंदूमुळे त्यांना सगळं पिवळट दिसायचं आणि निळा रंग उडाल्यासारखा वाटायचा, त्यामुळे फिका निळा समजून त्या गडदातला गडद उचलत आल्या होत्या.

"म्हणजे मी तिथं पहाट नाय, निळीची बादली टांगली? तुला दिसत होतं ना रं?"

"दिसत होतं."

"मग बोलला का नायस?"

"मला वाटलं, कलेत तसंच असतं."

त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "एवढं मोठं काम आयुष्यात एकच केलं रं. ते पण खोटं निघालं." मला फार अपराधी वाटलं.

त्यांनी नवे, फिके तुकडे कापले, हॉटेलमालकाला फोन केला, आणि खिडकी उतरवायला आम्ही दोघं वर गेलो.

दुपारची वेळ होती. खिडकीतून निळ्या उन्हाचा चौकोन जिन्याखाली पडला होता आणि हॉटेलात काम करणाऱ्या बाया बरोबर त्यातच जेवायला बसल्या होत्या. ऊन पुढे गेलं की ताटं उचलून त्याही पुढे सरकत. आम्ही कशाला आलोय ते कळताच एकजण उठून जिन्यात आडवी उभी राहिली.

"नाय गं आई. सकाळपासून आमी भांडी घासतो. इथं बसलं की तळ्यात बसल्यावाणी गार वाटतं. हात लावू नको."

"अगं, पण ते चुकलंय!"

"चुकू दे. आमाला आवडतंय."

मावशींनी जमिनीवरच्या निळ्या उन्हाकडे पाहिलं आणि पदर खोचून त्या बायांमध्ये घुसल्या. "सरका गं. भाकर हाय का?" निळ्या केसांनी, निळ्या हातांनी त्या जेवल्या. "पहाट मागितली होती, मी तळं दिलं!" असं म्हणत त्यांनी सगळ्यांना हसवून हसवून बेजार केलं. हत्यारं पिशवीतून बाहेर निघालीच नाहीत.

गेल्या वर्षी मावशी गेल्या. आता कामासाठी माथेरानला गेलो की मी त्या बायांबरोबरच जेवतो. निळ्या उन्हात पिवळं वरण हिरवं दिसतं. ऊन हललं की कुणीतरी म्हणतं, "सरक रं दादा," आणि मी ताट उचलून मावशींच्या आभाळामागे सरकतो.