खंडेनवमीला चढवलेली चेन

माझ्या मावसभावावर अन्याय झाला. लातुरात, खंडेनवमीच्या दुपारी, पूजेचा नारळ फुटला त्यानंतर लगेच. अन्याय करणारा माणूस फिजिक्स शिकवायचा आणि सगळं गाव त्याला सर म्हणतं. मीही म्हणतो. त्याच्यासमोर बाकावर बसून शिकलोय, जीभ दुसरीकडे वळत नाही.

हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढे या गोष्टीत लोकांनी देवी आणली, पाऊस आणला, नशीब आणलं. माणूस तेवढा कुणी आणला नाही.

मावसभावाला मी दादा म्हणतो. औसा तालुक्यातलं मावशीचं गाव भूकंपात बसलं तेव्हा दादा अंगावर पीत होता. मावशी त्याला घेऊन बाहेर आली, मावसकाका आत राहिले. पुनर्वसनाच्या गावात, एकसारख्या घरांच्या रांगेत तो वाढला, दहावीला बसला, नापास झाला आणि मशीनवर चढला. सरही भूकंपातलेच. त्यांची थोरली बहीण दगडमातीच्या भिंतीखाली गेली. पुढे लातुरात क्लासचं पीक आलं, गल्लोगल्ली होस्टेलं उठायला लागली. बाकीचे भराभर मजले चढवत होते, सर मात्र आपल्या होस्टेलचा पाया मुरूम लागेपर्यंत खणायचे. "काळ्या मातीवर मी लोकांची लेकरं झोपवणार न्हाई," म्हणायचे. हे खरं होतं, त्यात ढोंग नव्हतं. लेकरांसाठी त्यांना भीती वाटायची. खड्ड्यात उतरणाऱ्या माणसासाठी वाटायची नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

खणकामासाठी त्यांनी एक जुना स्किड लोडर घेतला होता, तो दादा चालवायचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चार चाकांचं बुटकं मशीन. त्याची चाकं वळत नाहीत. एका बाजूची थांबवायची, दुसऱ्या बाजूची फिरवायची, की ते जागच्या जागी गिरकी घेतं. चालक मधे पिंजऱ्यात बसतो, त्याच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी हात वरखाली होतात, पुढे बकेट. आतबाहेर करायचं ते समोरूनच, त्या हातांच्या खालून. समोर दार होतं. उकडतं म्हणून उन्हाळ्यात काढलं होतं, ते परत लागलंच नाही.

कोरड्यात ते मशीन गुणाचं होतं. पण परतीचा पाऊस लागला आणि काळी माती टायरला अशी धरायला लागली की चाक दिसेना, नुसता गोळा गरगरताना दिसायचा. मशीन दिवसाआड रुतायचं. मी तेव्हा क्लास सोडून बांधकाम मजुरांच्या संघटनेत पत्रकं लिहायचो आणि दादाच्याच खोलीवर राहायचो. जेवताना तो म्हणायचा, "मशीन न्हाई चालवायलो बाबा, कणीक मळायलो."

मग सरांनी ठरवलं, टायरवरून चेन चढवायची. पोकलेनला असते तशी लोखंडी पट्ट्यांची. ही मशीनसोबत येत नाही, बाहेरून बनवून घ्यावी लागते. पुढचं आणि मागचं चाक मिळून एक चेन, अशा दोन बाजूंना दोन. नांदेडचा एक मिस्त्री त्या जोडून द्यायचा. फक्त एक गोष्ट सांभाळावी लागते. चेन टायरपेक्षा रुंद असते, त्यामुळे आतल्या बाजूनं मशीनच्या अंगाला घासते. म्हणून चाक बसवताना मागे जाड लोखंडी चकती घालतात, तिला स्पेसर म्हणतात. चाक तेवढं बाहेर सरकतं आणि चेनला फिरायला जागा मिळते. हे मिस्त्रीला माहीत होतं, दादाला माहीत होतं, सरांनाही माहीत होतं. या गोष्टीत अडाणी कुणीच नव्हतं.

खंडेनवमीच्या सकाळी मिस्त्री टेम्पोतून चेन घेऊन आला. वयस्कर माणूस, सगळे त्याला चाचा म्हणत. स्पेसर चार हवे होते, त्यानं दोनच काढले.

"बाकीचे?" सरांनी विचारलं.

"लेथवाल्यानं काल सांजच्यालाच लेथ धुतली, हळदकुंकू लावलं, बसला. म्हणतो दसरा झाल्याबिगर हात न्हाई लावत. आता मी काय त्याच्या देवावर पाय ठिवू?"

यावर कुणी चाचाला बोललं नाही, लेथवाल्यालाही नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते आणि त्या दिवशी हत्याराला विश्रांती असते. विळा असो, पाना असो, ट्रॅक्टर असो. आमच्याकडे हे शिकवावं लागत नाही.

"चढव तू," सर म्हणाले. "पूजा चेनसकट झाली पाहिजे. आज चालवायचं कुठं हाय?"

सगळ्यांना ते पटलं. दोन्ही स्पेसर उजव्या बाजूच्या चाकांना लावले. डावी बाजू तशीच राहिली. चेन जमिनीवर अंथरली, दादानं मशीन हळूच तिच्यावर घेतलं, टायरची हवा कमी केली. वजन उचलायची चेन पुली लावून आणि पहारीनं रेटून दोन्ही टोकं वर जुळवली, चाचानं पीन ठोकली. मग हवा भरली तशी चेन ताणत गेली. डाव्या बाजूला चाचानं चेन आणि मशीनच्या अंगामधे बोट घालून पाहिलं.

"हे बघा सायेब, बोट जाईना इथं."

"बोट घालायचंच कशाला तिथं?" सर म्हणाले. मजूर हसले. दादाही हसला.

पूजा झाली. झेंडूची माळ पिंजऱ्याला, बकेटवर स्वस्तिक, आरती, नारळ. फोटो निघाले. सरांच्या जुन्या होस्टेलवरची पोरं प्रसादाला आली होती. शेजारच्या चाळीतल्या बाया, दुकानदार, बरीच माणसं होती. खोबरं वाटून होत होतं तेवढ्यात सर नव्या होस्टेलच्या पायाच्या खड्ड्याकडे गेले. रात्रीच्या पावसानं कडेची माती आत ओघळली होती. कॉलमच्या जागेत गाळ बसला होता, आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर पहिला कॉलम भरायचं ठरलेलं होतं. सर परत आले आणि दादाला म्हणाले, "चालव. गाळ तेवढा ओढून घे."

दादा म्हणाला, "सर, आज खंडेनवमी."

"मग? पूजा झाली की. देवाला निवद दाखवल्यावर आपण जेवतोच ना?"

चाचा मधे पडला. "डावीकडं घासंल सायेब. चेन काढून देतो, नुसत्या चाकावर जाऊ द्या."

"आत्ता नारळ फुटलाय आणि लगेच चेन उतरवायची? अपशकुन कशाला करता?"

हे दोन जबाब वाचकांनी एकाखाली एक ठेवून बघावेत. मशीन चालवायचं होतं तेव्हा खंडेनवमी संपली होती. चेन उतरवायची म्हटल्यावर ती पुन्हा सुरू झाली. एकाच तोंडातून, एकाच दमात.

मी दादाला म्हणालो, "खड्ड्यात उतरू नको."

"उद्याचा कॉलम हाय रे. सरांनी मला कामाला लावलंय, तोंडावर न्हाई कसं म्हणू? हा गेलो न् हा आलो."

उतारावरून खाली गेला तो नीट गेला. गाळात चेननं पकड धरली, मजुरांनी शिट्ट्या मारल्या. बकेट भरून वर यायला लागला तेव्हा डावीकडून किंचाळल्यासारखा आवाज सुरू झाला. चेन आणि मशीनच्या अंगात चिखल ठासत गेला. अर्ध्या उतारावर एक पट्टी अंगाला अडकली आणि डावी बाजू जागीच बसली. उजवी चालू होती. मशीननं गिरकी घेतली, तोंड उताराच्या कडेबाहेर गेलं आणि ते कुशीवर खाली पडलं. दाराची जागा मोकळीच होती, तिथून दादाचा पाय बाहेर फेकला गेला आणि लोखंडी हात त्याच्यावर बसला.

ज्या चेन पुलीनं सकाळी चेन चढवली होती तिनंच आम्ही मशीन उचललं. दादा "चाबी बंद करा, चाबी बंद करा," एवढंच म्हणत होता. इंजिन केव्हाच बंद पडलं होतं.

डावा पाय गुडघ्याखालून गेला.

सर दवाखान्यात आले. फळं आणली, डॉक्टरांशी बोलले, सगळी व्यवस्था पाहिली. मग मावशीजवळ बसले आणि म्हणाले, "माय, मी म्हणलो होतो त्याला, आज हत्याराला हात लावायचा नसतो. पोरगं ऐकलं न्हाई."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मी म्हणालो, "सर, तुम्हीच चालव म्हणालात. मी तिथं होतो."

सर माझ्याकडे न बघता मावशीला म्हणाले, "याला पत्रकं लिहायची सवय हाय."

मावशीनं सरांना हात जोडले. मला म्हणाली, "गप बस तू. येवढं करायलेत ते."

पोलिसांना सरांनी हेच सांगितलं. मजुरांकडून तेच बाहेर गेलं. देवीच्या दिवशी मशीन चालवलं, देवीनं पाय घेतला. मी पत्रक काढलं आणि स्वतः वाटलं. चहाच्या टपरीवर एकानं वाचून परत दिलं. म्हणाला, "तुमचं बरोबर असंल, पण खंडेनवमीला चालवायचं नव्हतं बघा." मी नांदेडला चाचाकडे गेलो. त्यानं चहा पाजला, सगळं जसं घडलं तसं बोलला, आणि शेवटी म्हणाला, "मी सांगतो की पोलिसाला. पण पहिला मी नको. दुसरा कुणी उठू दे, मग मी हाय." मजुरांमधल्या दोघांनी मला हेच सांगितलं, जवळजवळ याच शब्दांत. म्हणजे दुसरे बोलणारे तयार आहेत. पहिला नाही. माझी साक्ष धरत नाहीत, कारण मी भाऊ आहे आणि पत्रकवाला आहे.

मावशी दादाला रिक्षात घालून तुळजापूरला घेऊन गेली, माफी मागायला. मी गेलो नाही. परत आल्यावर दादाला विचारलं, कशाची माफी मागितलीस? त्यानं कुबडी भिंतीला टेकवली.

"माझंच चुकलं असंल," म्हणाला. "मी चढायलाच नको होतं."

पाय गेला तेव्हा मला राग आला होता. हे ऐकलं तेव्हा मी घाबरलो. अजून थोडे दिवस गेले, तर त्या दुपारी काय झालं हे दादालाही वेगळं आठवायला लागेल, आणि मग विचारायला कुणी उरणार नाही.

होस्टेल उभं राहिलं. पाया पक्का आहे, यात शंका नाही. देवणीपासून हिमायतनगरपर्यंतची पोरं तिथं झोपतात.

तुम्ही हे वाचताय. त्या दुपारी तुम्ही तिथं असाल, हातात खोबऱ्याचा तुकडा असेल, तर "चालव" हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला ते तुम्ही ऐकलंय. पोलीस ठाण्यात जा आणि तेवढा एक शब्द सांगा. पहिले तुम्ही व्हा, तुमच्या मागे तिघं उभे आहेत. आणि तिथं नसाल, पण तुमचं लेकरू त्या इमारतीत झोपत असेल, तर येत्या रविवारी त्याला भेटायला याल तेव्हा सरांच्या केबिनमधे जा, उभ्यानंच, आणि विचारा: चालव कोण म्हणालं होतं? उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.