बिनछपराच्या चर्चमधलं लग्न
तासगावच्या वाटेवर बेदाण्याच्या शेडचा गोडसर, आंबूस वास आला, की मला थोरल्या बहिणीचं लग्न आठवतं. गावातल्या आम्हा मोजक्या ख्रिस्ती घरांनी स्वतः राबून चर्च बांधायला घेतलं होतं. भिंती उभ्या होत्या, छप्पर व्हायचं होतं. पाळकसाहेब म्हणाले, "लग्न शहरातल्या चर्चमध्ये लावू. असं उघड्यावर केलं तर गाव हसेल." बहीण पुढं झाली. "आवं, ह्या भिंतींवर रोज पाणी मी मारलंय. हसू दे गावाला. लगीन हितंच हुईल, न्हाईतर हुणार न्हाई." वडील तिला गप्प करायला उठले, तेवढ्यात आई तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आई ज्या बेदाण्याच्या शेडवर कामाला जायची, तिथून तिनं सावलीची हिरवी जाळी मागून आणली आणि भिंतींवर ताणली. लग्नाच्या दुपारी वारा सुटला, तेव्हा मामा आणि चुलते भिंतीवर चढून जाळीची टोकं धरून बसले. बघायला आलेले काहीजण हसलेच. बहिणीनं मात्र मान खाली घातली नाही, आणि तिचा होकार पार रस्त्यापर्यंत ऐकू गेला. आता चर्चवर पक्का स्लॅब आहे. दाराशी बसवलेल्या फरशीवर पाहुण्यांच्या हस्ते झालेल्या उद्घाटनाची तारीख कोरलीय. पण चर्च कधी सुरू झालं असं कुणी विचारलं, तर मी बहिणीच्या लग्नाचाच दिवस सांगतो.