दुसरा हात

परदेशी माल बाजारात येऊ लागला त्या वर्षांत मी हैदराबादेत एका सरकारी कचेरीत खरेदीचा कारकून होतो. तलावात बुडालेल्यांना काढणारा एक पाणबुड्या आमच्याकडे पाण्याखाली लावायच्या तीन बॅटऱ्या पारखायला आला. त्याचं नाव मी विचारलं नाही.

त्याने बादली मागवली, डावा हात पाठीमागे धरला आणि उजव्याने तिन्ही बॅटऱ्या बुडवून पाहिल्या. पहिलीच्या बटणाचं रबर नखाने उचकटलं. दुसरी लावायला तिचं तोंड पिळावं लागे. ते एका हाताने जमेना. तिसरीचा खटका अंगठ्याने सरकला.

"येइच देओ साब. एक हाथ में आदमी रहता. घुमाने कू दूसरा हाथ किधर से लाऊं?"

आमच्या साहेबांना पिळायचीच देखणी वाटली. मी तसा कागद केला. पाणबुड्याचं मत त्यात घातलं नाही.

महिन्याभराने एक पोरगा बुडाला. दुसऱ्या दिवशी पाणबुड्या माझ्यासमोर उभा राहिला.

"जिंदा था साब. मेरी उंगली पकड़ा. बत्ती बुझ गई, लगाने कू उसका हाथ छोड़ा. फिर मिलाइच नहीं."

साहेबांनी लेखी जबाब मागितला. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून मीच लिहिला: पाणी फार गढूळ होतं. त्याने अंगठा उठवला.