धनुकलीचं दुसरं टोक

म्हाळाचं जेवण अंगावर येतं म्हणतात ते खोटं नाही. पाहुणे गेलेत, मुलगा, रणधीर, गुरुजींना सोडायला गेलाय आणि मी पुढच्या खोलीत दिवाणावर आडवी झालेय. आत सूनबाई, आमची शर्वरी, भांडी आवरतेय. ताटावर ताट ठेवल्याचा आवाज जवळ येतो, लांब जातो, परत जवळ येतो. समोर चादरीखाली यांचं मशीन आहे आणि वर भिंतीवर, ताजा हार घातलेले, हे.

मघाशी गच्चीवर पान ठेवलं तर कावळा वाटच बघत बसला होता. आम्ही हात जोडायच्या आत त्यानं वडा उचलला. सगळ्यांना हायसं वाटलं. "काकांची काही इच्छा राहिली नाही बघा," असं कुणीतरी म्हणालं. यांची कशाला राहील? राहिलीय ती माझी, आणि कावळा मला विचारत नाही.

पापण्या जड होतात. ताटांचा आवाज थांबतो.

"उठ की. धर ती बाजू."

डोळे मिटलेत की उघडेच आहेत, कळत नाही. हे दिवाणाच्या पायथ्याशी उभे आहेत. अंगात तो कोपरावर विटलेला निळा शर्ट, आणि हातात धनुकली.

"झोपलेय मी," मी म्हणते.

"झोपूनच धर. तुला काय, नुसतं टोक तर धरायचंय."

मेल्यावर तरी माणूस बदलेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या घरी येऊन जावं.

यांना विमानांचा नाद. आभाळातल्या नव्हे, खोलीत उडणाऱ्या. थर्माकोलचं विमान, पोटात नखाएवढी मोटर, आणि सगळं मिळून वजन मूठभर अक्षतांएवढं. वारा लागला की ते भरकटतं, म्हणून बंद हॉल लागतो. सांगलीत असा हॉल म्हणजे मंगल कार्यालय, आणि कार्यालय मोकळं कधी, तर पितृपक्षात. तेव्हा कुणाची लग्नं नसतात. म्हणून ज्या पंधरवड्यात गावातले लोक पितरांना जेवायला बोलवायचे, त्याच पंधरवड्यात आमचे हे आणि यांचे चार मित्र बोहल्यासमोर विमानं उडवायचे. पंखे बंद, खिडक्या बंद. घामाच्या धारा लागायच्या, पण तोंडानं फुंकर मारायची सोय नव्हती.

त्या विमानांना थर्माकोल लागतो पापडासारखा पातळ. बाजारात तसा मिळत नाही, घरीच कापावा लागतो. लाकडाची धनुकली करायची, तिला तार ताणून बसवायची, तारेत करंट सोडायचा. तार तापली की ती ठोकळ्यातून ओढत न्यायची, म्हणजे पातळ पत्रा सुटून येतो. याला दोन माणसं लागतात. एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला मी. दोघांनी एका चालीनं ओढायचं. कुणाचा हात जरा अडखळला की तार तिथं रेंगाळते, थर्माकोल वितळतो आणि पत्र्यावर लाट उठते. लाटेचा पत्रा फेकून द्यायचा. आमचं लग्न एवढी वर्षं टिकलं त्यात या धनुकलीचा वाटा मोठा आहे. तिच्या दोन टोकांना असताना आम्ही कधी भांडलो नाही.

मग एका वर्षी पत्र्यांवर लाटा यायला लागल्या. यांनी दोन महिने मान वर न करता हे मशीन बनवलं. तारेला दोऱ्या बांधल्या, दोऱ्या पुलीवरून खाली सोडल्या आणि शेवटी वजन म्हणून माझा वरवंटा लटकवला. वरवंटा आपल्या वजनानं सावकाश खाली जातो, तार पुढं सरकते, माणूस लागत नाही. माझी जागा घेतली ती माझ्याच वरवंट्यानं. आणि कार्यालयात सगळ्यांसमोर मशीन दाखवताना हे म्हणाले, "काय करणार, हिचा हात हलतो आता. म्हणून हे करावं लागलं."

लोक हसले. मीपण हसले. चारचौघांत दुसरं काय करतात?

"धरतीस का नाही?" हे आता वैतागतात.

"धरते. आधी सांगा, हात कुणाचा हलायचा?"

"पंखा बंद कर आधी."

मी उठून बटणाकडं जाते. बटणं संपत नाहीत. एक दाबते, डोक्यावरचा पंखा थांबतो, त्याच्यापलीकडचा थांबतो, त्याच्यापलीकडचा. वर बघते तर उंच छत आहे आणि पंख्यांची रांग कार्यालयाच्या दारापर्यंत गेलीय. बोहल्यावर लाल मखमलीच्या दोन खुर्च्या आहेत. हे त्यांच्यामध्ये उभे. मी इकडं शेवटी, जिथं पंगती बसतात तिथं. आमच्यामधून तार गेलीय, बसलेल्या लोकांच्या डोक्यावरून, आणि कुणी वर बघत नाही.

यांचे जुने मित्र आवटी चहा घेऊन येतात. सगळ्यांना कपबशी. मला स्टीलचा पेला, तोही अर्धा.

हेही त्या दिवसापासूनच. घरात, नात्यात, सगळीकडं मला अर्धा पेला. दिवाळीत दारात मी ठिपक्यांची रांगोळी काढायची, गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. शर्वरीनं छापे आणले. "तुम्हाला त्रास नको, आई." चांगलीच आहे पोरगी. तिला सासऱ्यांनी जे सांगितलं त्यावर तिनं विश्वास ठेवला. मीसुद्धा ठेवला. आरशासमोर हात धरून बघायची मी. आपण बघतोय म्हटल्यावर कुणाचाही हात जरासा हलतोच.

"आवटी भावजी, जरा ऐका," मी म्हणते.

"श्श, वहिनी," आवटी ओठावर बोट ठेवतात. "बोलू नका. बोलण्यानं वारा होतो."

उद्या हेच आवटी इथं भाषण करणार आहेत. यांच्या आठवणीत विमानं उडवायची ठरलीत. मशीन टेबलावर मांडणार, शेजारी फोटो, आणि ती गोष्ट परत सांगणार, वहिनींचा हात आणि निकमांचं, म्हणजे यांचं, डोकं. मी पहिल्या रांगेत बसायचंय. परत हसायचंय.

"एका चालीनं ओढ," बोहल्यावरून हे म्हणतात.

मी ओढते. तार गरम आहे, जळका वास सुटतो. ओढता ओढता आम्ही एकमेकांजवळ येत जातो, खुर्च्या मागं राहतात, लोक मागं राहतात. मग गॅसवर दूध आहे आणि आम्ही आमच्या जुन्या घरातल्या स्वयंपाकघरात आहोत. हे बनियनवर, केस काळे. ओट्यावरून पत्रा अलगद उचलतात आणि खिडकीच्या उजेडात धरतात. माझ्या टोकाला पत्रा दुधाच्या सायीसारखा गुळगुळीत आहे. यांच्या टोकाला लाटाच लाटा.

"ही बाजू कुणाची?" मी विचारते.

हे बघतात. नीट, चष्मा वर सरकवून बघतात.

"माझी."

"मग?"

"मग काय? दिसतंय की."

"तेव्हापण दिसलं होतं?"

"पहिल्यांदा असा पत्रा आला तेव्हा तू दुधाकडं वळलीवतीस. मी मोडून डब्यात टाकला."

यांचा हात उघडपणे हलायला लागला तो पुढं कितीतरी वर्षांनी. डॉक्टरांनी बोटं धरून बघितली, चालायला लावलं आणि म्हणाले, हे आजचं नाही, बरीच वर्षं आत असणार. मी यांच्याकडं बघितलं. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. त्यानंतर यांना मीच भरवायची. याच हातानं. घास सांडला नाही कधी. शर्टाची बटणं लावताना मला वाटायचं, आज म्हणतील. एवढं जवळ तोंड असतं, हळू म्हटलं तरी चाललं असतं. म्हणाले नाहीत. तसेच गेले.

"माझं नाव का सांगितलंत?"

"माझं सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी रिमोट काढून घेतला असता माझ्याकडनं. थरथरत्या हातात विमान कोण देतंय?"

"आणि माझ्या हातातून काय गेलं ते?"

हे खरंच विचार करतात. कपाळाला आठी घालून, मनापासून.

"तुझ्या हातात काय होतं?"

मला राग येत नाही आधी. आधी नुसतं गार वाटतं. दूध वर येतंय, मी गॅस बंद करत नाही.

"रांगोळी होती," मी म्हणते. "सुई होती. लोकांना वाढायची पळी होती. आणि तुमचा नातू होता. तेल लावलेलं पोर हातातून निसटेल म्हणून त्याला न्हाऊ घालायला एकदासुद्धा माझ्याकडं दिला नाही कुणी. मी मोरीच्या दारात टॉवेल घेऊन उभी राहायची. तुम्ही पेपर वाचत असायचात."

"ते माझ्या लक्षात आलं नाही."

"आलं होतं."

दूध उतू जातं, ओट्यावरून खाली ठिबकतं.

"हो," हे म्हणतात. "आलं होतं."

बस. एवढंच हवं होतं. वाटलं होतं की हे ऐकलं की छातीवरचं उतरेल. उतरत नाही. उलट आता कळतं की हे पेपरच्या आडून बघत होते.

"मग सांगा सगळ्यांना."

"आता मी कुठं सांगणार?"

"इथंच. बसलेत की सगळे."

स्वयंपाकघराचं दार उघडलं की कार्यालयच आहे. रांगेनं माणसं बसलीत, आवटी, त्यांची बायको, रणधीर, शर्वरी मांडीवर पोराला घेऊन. घामानं चेहरे चमकताहेत. हे पुढं जातात. खाकरतात. सगळे यांच्याकडं बघतात, आणि मला वाटतं, आता. यांचे ओठ उघडतात.

तेवढ्यात कुठून तरी एक विमान येतं. पांढरं, इतकं हलकं की ते उडतंय असं वाटतच नाही, कुणीतरी हवेत ठेवून दिल्यासारखं. ते बोहल्यावरून वळतं, खांबाला चुकवतं, लोकांच्या डोक्यावरून सावकाश जातं. सगळ्या माना वर होतात. यांचीपण.

"काय वळतंय बघ!" हे म्हणतात. तोंड तसंच उघडं. त्या तोंडातून आता माझ्याबद्दल काही निघणार नाही, हे मला समजतं. ते विमान उतरेपर्यंत यांना कुणाचीच आठवण येणार नाही, आणि ते उतरत नाही.

"अहो," मी म्हणते. "अहो, इकडं बघा."

कुणी बघत नाही. धनुकलीचं माझं टोक अजून माझ्या हातात आहे. मी लाकूड सोडते आणि तार धरते. चारही बोटांनी, घट्ट. यांनी बघावं म्हणून. चर्र आवाज होतो. हे वर बघत हसताहेत. लहान मुलासारखा निर्मळ चेहरा झालाय यांचा, आणि मला तो सहन होत नाही.

जाग येते.

छतावर एकच पंखा आहे आणि तो फिरतोय. मशीनवरची चादर तशीच, तिची घडीसुद्धा मोडलेली नाही. मशीनची वायर गुंडाळून खिडकीत ठेवलीय, ती कधीची तिथंच आहे. भिंतीवर हे, हाराच्या आत, समोर बघणारे. बाहेर अजून ऊन आहे.

उजव्या हाताची बोटं आगीसारखी चुरचुरताहेत. मी हात डोळ्यांसमोर धरते. चारही बोटांवर भाजल्याची लाल, बारीक रेघ उठलीय. बोटं एकमेकांना चिकटवली की ती एकच ओळ होते, करंगळीपासून पहिल्या बोटापर्यंत. पट्टी लावून आखावी तशी सरळ. कुठं वाकलेली नाही, कुठं लाट नाही. मी हात उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहते.

शर्वरी चहा घेऊन येते.

"अगं बाई, आई! हे कसं भाजलं? वड्याच्या तेलाजवळ गेला होतात का?"

सकाळपासून मला गॅसच्या जवळसुद्धा कुणी फिरकू दिलेलं नाही, हे तिलाही माहीत आहे. ती उत्तराला थांबत नाही. आतून मलम आणते, माझ्यासमोर खाली बसते, ट्यूबचं झाकण दातानं उघडते.

"हात हलवू नका हं."

"हलत नाही तो," मी म्हणते. "बघ ना. ही रेघ बघ."

"हो हो," ती मायेनं म्हणते, आणि मलम लावायच्या आधी दुसऱ्या हातानं माझं मनगट घट्ट धरून ठेवते.