सील शाबूत

राखीव धातूंच्या सरकारी गोदामाच्या भांडारपालांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवलं नव्हतं. पण अक्षर असं मोत्याच्या दाण्यासारखं, की बदली होणाऱ्या प्रत्येक साहेबाचं मानपत्र त्यांच्याच हातचं. काम म्हणाल तर रोज पिंपं मोजायची, प्रत्येकाचं शिशाचं सील बघायचं आणि वहीत लिहायचं: सील शाबूत. सव्वीस वर्षांत पिंपाच्या आत काय आहे ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. सील तोडणं हा गुन्हा, आणि मास्तर जात्याच भित्रे.

किती भित्रे? घरी पोचायला दहा मिनिटं उशीर होणार असला तरी बायकोला फोन. तोही ‘जरा उशीर होईल’ असा मोघम नाही. अकरा मिनिटं, सतरा मिनिटं, असा नेमका. ती त्यावरून त्यांची भरपूर टिंगल करायची.

हल्ली मात्र तिने टिंगल सोडली होती. ज्या देशाकडून निम्मे धातू यायचे त्याने विक्री बंद केली, आणि सरकारचे धाबे दणाणले. राखीव साठा बाहेर काढा, थेट कारखान्यांना द्या, सील शाबूत असेल तर तपासणी माफ, कारण तपासणीत महिना जातो, असं नवं धोरण आलं. दुसऱ्या एका गोदामात सात पिंपं कमी भरली. तिथल्या भांडारपालाला घरून उचललं. तीन आठवडे झाले, तो कुठे आहे हे घरच्यांना कोणी सांगत नव्हतं.

मास्तरांच्या मागच्या रांगेत चाळीस पिंपं होती. वीस कोबाल्टची, वीस मँगनीजची. आत दोन्हीकडे करडी भुकटी, प्रत्येक पिंप मोजून शंभर किलोचं. कोबाल्टची वीस बुधवारी दुपारी विमानाच्या इंजिनाची पाती करणाऱ्या कारखान्यात जायची होती.

सोमवारी कारकून बाईंनी सफाईसाठी कपाट सरकवलं. मागच्या भिंतीवर गोदामाचा जुना नकाशा निघाला. मास्तरांनी सहज पाहिला, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. नकाशात दार पूर्वेला होतं. आताचं दार पश्चिमेला.

अकरा वर्षांपूर्वी छत गळून त्या रांगेची आधीच पुसट झालेली लेबलं भिजून पडली होती. तेव्हा मास्तरांनी मूळ वही काढली. ‘दारापासून पहिली वीस कोबाल्ट’ असं तिच्यात लिहिलेलं. ते दारापाशी उभे राहिले, वीस मोजली आणि सुंदर अक्षरात नवी लेबलं चिकटवली. साहेबांनी पाठ थोपटली होती. आता ते पूर्वेच्या भिंतीशी गेले. रंगाखाली बुजवलेल्या दाराची चौकट स्पष्ट दिसत होती. वहीवरची तारीख नकाशावरच्याच वर्षातली, मास्तर नोकरीला लागण्याच्याही आधीची. म्हणजे चाळीसच्या चाळीस लेबलं उलटी.

सांगावं, तर अकरा वर्षं खोटं लिहिल्याचा आळ. या दिवसांत त्याला चूक कोण म्हणणार? उचलून नेतील. गप्प बसावं, तर मँगनीजची ठिसूळ पाती विमानात बसतील. गुपचूप लेबलं बदलावीत, तर आत नक्की काय आहे, हे डोळ्यांनी कोणी पाहिलंय? त्या रात्री ताटावरून ते तसेच उठले. बायकोने खोदून विचारलं, तेव्हा पित्त झालंय म्हणाले.

मंगळवारी हिंमत करून ते साहेबांच्या खोलीत गेले. लेबलांची शंका आहे, एवढंच त्यांनी चाचरत सांगितलं. साहेबांनी उठून दार लावून घेतलं. त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता.

“सील शाबूत आहे ना?” ते हळूच म्हणाले.

“आहे.”

“मग हे मी ऐकलेलं नाही. तुम्हीही बोललेला नाही.”

मास्तर बाहेर आले, आणि त्यांची भीती दुप्पट झाली. आता हे माहीत असलेले दोन जण होते, आणि दोघेही मूग गिळून बसणार होते. पण साहेबांचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना. सगळं त्या सिलावरच तर अडलं होतं. सील तुटलं, की नियमाने तपासणी आलीच. मग मंत्री का येईना, पिंप हलत नाही.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत गोदाम रिकामं झालं. मास्तर पक्कड घेऊन मागच्या रांगेत गेले. पहिलं सील तुटायला तीन खेपा लागल्या. बाहेर कोणाची तरी पावलं वाजली. ते पिंपांआड बसले. पावलं गेली. ते पुन्हा उठले आणि चाळीसही सिलं तोडली.

मग टेबलाशी बसून त्यांनी वही ओढली. ‘चाळीस सिलं मी तोडली. लेबलांत माझी चूक आहे. तपासून घ्या.’ खाली सही केली. त्या पानावरचं अक्षर कोणी ओळखलं नसतं.

फाटकापाशी ट्रकचा हॉर्न वाजला. साहेबांच्या बुटांचा आवाज जवळ येऊ लागला. मास्तरांनी घरी फोन लावला.

“आज उशीर होईल,” ते म्हणाले.

“किती मिनिटं?”

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. काय सांगावं ते त्यांना कळेना.